ओब्लोमॉव्ह आणि त्याला उठवणारी माणसे

दिवाळी हा पहाटे उठण्याचा सण आहे. एरवी सूर्य कासराभर वर आल्याखेरीज ज्यांचे डोळे उघडत नाहीत, तेही नरकचतुर्दशीला अंधारात उठतात, तेल-उटणे लावून घेतात आणि पहिला फटाका वाजायच्या आत आपली आंघोळ झाल्याची फुशारकी दिवसभर मिरवतात. अशा सणाच्या अंकात अंथरुणातून उठायलाच तयार नसलेल्या माणसाची गोष्ट सांगायला बसणे जरा अप्रशस्तच. पण हा अंक वाचकांच्या हाती केव्हा पडतो, हेही मला ठाऊक आहे. फराळ होतो, जेवण होते, चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून मंडळी सतरंजीवर लवंडतात आणि मग अंक छातीवर उघडा पडतो. त्या घटकेला ज्याची सोबत शोभेल, असा दुसरा नायक जागतिक वाङ्मयात नाही. त्याचे नाव इल्या इल्यिच ओब्लोमॉव्ह.

इव्हान गोंचारॉव्ह या रशियन लेखकाने त्याच्यावर लिहिलेली कादंबरी १८५९ साली एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. गोंचारॉव्ह १८१२ साली व्होल्गाकाठच्या सिंबिर्स्क गावी एका सधन व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. त्याने सरकारी नोकरीत बरीच वर्षे काढली आणि काही काळ तर चक्क सेन्सॉर म्हणून इतरांची पुस्तके तपासली. आळशी माणसाची कादंबरी लिहिणारा हा गृहस्थ स्वतः मात्र १८५२ साली ‘पल्लाडा’ नावाच्या लढाऊ जहाजावर चढून आफ्रिकेला वळसा घालून जपानपर्यंत गेला आणि परतताना सबंध सैबेरिया ओलांडून १८५५ साली पीटर्सबर्गला पोहोचला. कादंबरीचे मात्र घोडे पुष्कळ दिवस अडले होते. त्यातले ‘ओब्लोमॉव्हचे स्वप्न’ हे प्रकरण १८४९ सालीच छापून झाले होते. पुढे आठ वर्षे काम रखडले आणि १८५७ च्या उन्हाळ्यात मारिएनबाड येथे औषधी पाण्यासाठी गेला असता त्याने उरलेली बहुतेक कादंबरी सात आठवड्यांत लिहून काढली! आळसाविषयी लिहायलाही असा झपाटा लागतो, ही यातली गंमत.

कादंबरीला प्रारंभ होतो तो मे महिन्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी. बत्तीस-तेहतीस वर्षांचा ओब्लोमॉव्ह पीटर्सबर्गमधल्या गोरोखोव्हाया रस्त्यावरील भाड्याच्या जागेत पहुडला आहे. अंगात इराणी कापडाचा एक ऐसपैस झगा आहे. तो इतका सैल की, त्यात हा माणूस दोनदा गुंडाळला जाईल. पलंगाखालच्या सपाता इतक्या मोठ्या नि मऊ की, न पाहता पाय खाली सोडले तरी नेमके त्यांतच पडावेत. आरशावर इतकी धूळ आहे की, बोटाने टिपणे लिहून ठेवता येतील. त्याच्यापुढे दोन संकटे उभी आहेत. खेड्यातल्या जमिनीचे उत्पन्न घटल्याचे मुकादमाचे पत्र आले आहे आणि घरमालकाने जागा सोडायला सांगितले आहे. उठले पाहिजे, पत्र लिहिले पाहिजे, जमिनीची घडी बसवण्याची योजना आखली पाहिजे. ही योजना तो वर्षानुवर्षे मनात आखतोच आहे. भेटायला माणसांमागून माणसे येतात, फिरायला चल म्हणतात, आपापली धावपळ सांगतात आणि जातात. चार भागांच्या कादंबरीतला पहिला भाग संपत येतो तरी नायकाची मजल बिछान्यापासून खुर्चीच्या पलीकडे गेलेली नसते.

इथपर्यंत वाचताना आपण पोट धरधरून हसतो. त्याचा म्हातारा नोकर झाखार हाही मालकाला साजेसाच. तो शेगडीच्या उबेला झोपतो, हातातल्या वस्तू फोडतो आणि मालकावर एकाच वेळी जीव टाकतो नि करवादतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतले गडी ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहेत त्यांना झाखारची ओळख करून द्यायला नको. पण मग ते स्वप्नाचे प्रकरण येते आणि हसू हळूहळू ओठांवरच विरते. ओब्लोमॉव्हका या खेड्यात इल्याचे बालपण गेले. दुपारी जेवण झाले की तिथे मालकापासून कोचमनपर्यंत सगळे झोपत, सारे घर जणू मेल्यासारखे निपचित पडे. मोडकळीला आलेला सज्जा दुरुस्त करायचे बोलणे चाले आणि एके दिवशी सज्जा कोसळे. कुठून पत्र आले तर दिवसच्या दिवस ते फोडायची कुणाची छाती होत नसे. आणि या सगळ्यांत एक चपळ, डोळस मूल होते. त्याला धावायचे होते, बर्फात खेळायचे होते. ‘पडशील, गारठशील, थांब, गडी आहे ना!’ असे म्हणून प्रत्येक वेळी त्याला मागे ओढले गेले. चौदा वर्षांच्या मुलाच्या पायांत मोजे चढवायला झाखार हजर असे. ज्याला मोजे घालता आले नाहीत, त्याला पुढे जगताही आले नाही. हा आळस नव्हे. मायेने केलेले अपंगत्व आहे.

कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी दोब्रोल्यूबॉव्ह या अवघ्या तेवीस वर्षांच्या टीकाकाराने तिच्यावर गाजलेला लेख लिहिला आणि ‘ओब्लोमॉव्हश्चिना’ म्हणजे ओब्लोमॉव्हपणा हा शब्द रशियाभर झाला. त्याचा रोख सरळ होता. ओब्लोमॉव्हच्या मालकीची साडेतीनशे भूदास माणसे होती. ती राबत होती म्हणून हा लोळत होता. १८६१ साली भूदासपद्धती कायद्याने गेली, पण शब्द राहिला. क्रांतीनंतर १९२२ साली लेनिननेही भाषणात तक्रार केली की, रशियात तीन क्रांत्या होऊन गेल्या तरी हा ओब्लोमॉव्ह अजून जिवंतच आहे. तो शेतकऱ्यांत आहे, कामगारांत आहे आणि साम्यवाद्यांतही आहे! ज्याला कुणी पलंगावरून हलवू शकले नाही, त्याला इतिहासातूनही कुणी हलवू शकले नाही असेच म्हणायचे.

आता या पुस्तकाशी माझा संबंध कसा आला ते सांगितले पाहिजे. ते पुस्तक माझे नव्हे, आमच्या अण्णांचे. अण्णा माझे थोरले बंधू. डेव्हिड मॅगरशॅकने केलेले आणि १९५४ साली प्रथम निघालेले हे इंग्रजी भाषांतर त्यांनी कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर दीड रुपयाला घेतले होते. त्या काळी घरात कुणी दुपारी दोनच्या पुढे झोपला की अण्णा त्याला ‘या, इल्या इल्यिच’ अशी हाक मारीत. अण्णांसारखा धडपड्या माणूस आमच्या घराण्यात दुसरा झाला नाही. सहकारी सोसायटीचे हिशेब, गणपतीतली व्याख्याने, कुणाच्या मुलाचा प्रवेश, कुणाच्या आईचे इस्पितळ, सगळीकडे अण्णा.

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले. आले आणि खिडकीजवळच्या पलंगावर आडवे झाले. पहिले महिनाभर आम्हाला वाटले, दुःख आहे, ओसरेल. दुसऱ्या महिन्यात वाटले, वय आहे. सहाव्या महिन्यात डॉक्टरांना बोलावले. त्यांनी नैराश्य असे नाव सांगितले, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “मोठमोठे संकल्प यांच्यापुढे ठेवू नका. रोज एखादे लहानसे काम असू द्या.” गोळ्यांनी झोप सुधारली. पण पलंग काही सुटेना. एका दुपारी त्यांच्या उशाशी पुस्तकांच्या चळतीत मला तो जुना ओब्लोमॉव्ह दिसला. मी तो उचलला तेव्हा अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, “वाच. हल्ली मला तो विनोदी वाटत नाही.”

त्या वाक्यामुळे मी ही कादंबरी वेगळ्या नजरेने वाचली. माझे लक्ष ओब्लोमॉव्हपेक्षा त्याला उठवायला आलेल्या माणसांकडे अधिक लागले.

पहिला श्टोल्ट्स. बालपणीचा मित्र, बाप जर्मन, आई रशियन. तो सतत प्रवासात, सतत कामात. त्याचे ओब्लोमॉव्हवर खरे प्रेम आहे, कारण या माणसाचे मन स्फटिकासारखे निर्मळ आहे हे त्याला ठाऊक आहे. तो मित्राला ओढून चारचौघांत फिरवतो. पण ओब्लोमॉव्ह त्याला फार अवघड प्रश्न विचारतो. ही माणसे पत्ते खेळतात, एकमेकांच्या बढत्यांची चौकशी करतात, धापा टाकत या घरातून त्या घरात जातात, यांना जागी म्हणायचे तरी कसे? यांच्यात माणूस कुठे आहे? श्टोल्ट्सला त्याचे पटणारे उत्तर देता येत नाही. ओब्लोमॉव्हपणा हा शब्द मात्र तो मित्राच्या तोंडावर फेकतो.

दुसरी ओल्गा. विशीतली, स्वाभिमानी, बुद्धिमान. ती बेल्लिनीच्या संगीतिकेतले ‘कास्ता दीवा’ हे गीत गाते आणि ओब्लोमॉव्हच्या डोळ्यांत पाणी येते. उन्हाळ्यात शहराबाहेरच्या बागांत त्यांचे प्रेम फुलते. तिने तोडून टाकलेली लायलॅकची डहाळी तो उचलून जपून ठेवतो. ती त्याला जेवणानंतर झोपू देत नाही, पुस्तके वाचून त्यांचा वृत्तान्त सांगायला लावते, टेकड्या चढायला लावते. आणि नवल असे की, तो चढतो! तो झगा टाकून देतो, सकाळी सातला उठतो. आपण या माणसाला जिवंत केले या कल्पनेने ओल्गाचे मन भरून येते. पण उन्हाळा सरतो. लग्नाआधी खेड्यावर जाऊन जमिनीची व्यवस्था लावायला हवी, घर बघायला हवे, लोकांना सांगायला हवे. झाखारच्या तोंडून लग्नाची वार्ता ऐकल्यावर या प्रियकराला घाम फुटतो. नेव्हा नदीवरचे पूल हिवाळ्याच्या तोंडी काढले जातात, पलीकडे जाता येत नाही, आणि आता काही दिवस भेट नको या विचाराने त्याला सुटल्यासारखे वाटते. प्रेमकथांत नदी आडवी आली की नायक पोहून जातो. इथे नदी नायकाच्या मदतीला येते! शेवटी ओल्गाच त्याच्याकडे येते आणि पुढे नाते तोडतानाही तिलाच पुढाकार घ्यावा लागतो. आपण प्रेम केले ते या माणसावर नव्हे, तर हा पुढे जसा होईल असे वाटले त्याच्यावर, हे ती त्याला सांगते. त्याने मात्र हीच शंका उन्हाळ्यातल्या एका पत्रात आधीच बोलून दाखवली होती. न उठणाऱ्या माणसाला सगळे काही कळत असते, हे या कादंबरीतले मोठे दुःख आहे.

आमच्याकडेही श्टोल्ट्स आहे. तो म्हणजे आमची कन्या. ती परदेशात असते आणि दर रविवारी व्हिडिओवर मोठ्या काकांना भेटते. “मोठे काका, तुम्ही आत्मचरित्र लिहा. नाहीतर सोसायटीतल्या मुलांना संस्कृत शिकवा. सकाळचा एक गट असतो, त्यात नाव घाला.” तिचा जीव आहे काकांवर, लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून तिने गणपती पाहिले. अण्णा हसून “बघू हं बाळ” म्हणतात. पडदा काळा झाला की भिंतीकडे तोंड करतात. एकदा मला म्हणाले, “ती ज्या काकाशी बोलते ना, तो मीच आहे असे तिला वाटते. तिचा विरस करावासा वाटत नाही.” ओल्गाला लिहिलेले पत्र याहून काय वेगळे होते?

तिसरी माणूस अगाफ्या मत्व्हेयेव्हना. व्हिबोर्ग भागातली एक विधवा, घरमालकीण. तिला ना गाणे येते, ना पुस्तकांवर बोलता येते. तिचे वर्णन गोंचारॉव्ह पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीने करतो, ते म्हणजे तिचे उघडे, गोरे, सतत हलणारे कोपर. ती दळते, कुटते, चाळते, कॉफी करते, कचोरीसारख्या सारणाच्या मोठमोठ्या पोळ्या भाजते. ओब्लोमॉव्ह सोफ्यावर पडून अर्धवट उघड्या दारातून ते कोपर बघत राहतो. तिचा भाऊ आणि त्याचा एक लबाड साथीदार खोटा कर्जरोखा करून ओब्लोमॉव्हला लुबाडतात, घरात चणचण होते, तेव्हा ही बाई त्याला पत्ता लागू न देता आपले मोती आणि चांदी गहाण टाकते, म्हणजे त्याच्या ताटात काही उणे पडू नये. आपण प्रेमात पडलो आहोत हे तिला कळतसुद्धा नाही. जणू सर्दी व्हावी तसे ते तिला झालेले असते. श्टोल्ट्सशी पुढे ओल्गाचे लग्न होते, आणि ओब्लोमॉव्ह या अगाफ्याशी लग्न करतो. त्यांना मुलगा होतो. त्याचे नाव मित्राच्या नावावरून आंद्रेइ असे ठेवतात.

समीक्षक सहसा इथे मान हलवतात. झाले, ओब्लोमॉव्ह पुन्हा ओब्लोमॉव्हकात पोचला, बिछाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये त्याचा अंत झाला, असे म्हणतात. त्यात खोटे नाही. इतके तुपकट खाऊन तो पडून राहिला तर त्याला झटका येईल, हे डॉक्टरांनी पहिल्याच भागात बजावलेले असते, आणि तसा झटका येतोही.

पण त्या झटक्यानंतरची काही पाने मला फार मोलाची वाटतात. डॉक्टर सांगतात, रोज चालायचे, बेताने झोपायचे. आणि जे श्टोल्ट्सच्या बुद्धीला आणि ओल्गाच्या रूपगुणांना कायमचे जमले नाही ते ही अडाणी बाई करून दाखवते. दुपारी त्याचा डोळा लागू लागला की शेजारच्या खोलीत एखादी खुर्ची आपसूक पडते, एखादे जुने भांडे खळ्ळकन फुटते, मुले गलका करतात. काहीच झाले नाही तर तिची मृदू हाक ऐकू येते, काहीतरी विचारायचे असते तिला. बागेतली पायवाट ती परसातल्या भाजीच्या वाफ्यांपर्यंत लांबवून घेते आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास तो त्या वाटेवर चालतो, कधी तिच्याबरोबर, कधी मुलांबरोबर. तिने त्याला तू कसा हवास हे एकदाही सांगितले नाही. तिने फक्त खुर्ची पाडली.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले, कारण आमच्या घरातली एक गोष्ट माझ्या एकदम ध्यानात आली. आमच्या सौभाग्यवतींनी हे पुस्तक पाहिलेलेही नाही. पण गेले वर्षभर त्यांच्या स्मरणशक्तीला काहीतरी झाले आहे असे मला वाटत होते. रोज सकाळी दहाच्या सुमारास स्वयंपाकघरातून आवाज येतो, “भाऊजी, कोथिंबीर संपली हो, तेवढी कोपऱ्यावरून आणता का?” अण्णा कण्हत उठतात, सदरा चढवतात, तीन जिने उतरून जातात. तासाभराने, “अगंबाई, लिंबू राहिलेच!” पुन्हा तीन जिने. एके दिवशी मी फ्रीज उघडला तर आत लिंबांचा ढीग होता. मी तिच्याकडे बघितले. तिने डोळ्यांनीच मला गप्प केले.

त्या रात्री मी तिला अगाफ्याची सारी कथा सांगितली. मला वाटले, बाई खूश होईल. जागतिक वाङ्मयाने तिच्या लिंबांना पावती दिली होती! तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, दुसऱ्या दिवसासाठी निवडायची मेथी बाजूला ठेवली आणि विचारले, “अहो, पण ती बाई कधी आडवी झाली का?”

मी पुस्तक चाळले. सहाशेहून अधिक शब्दांची तारीफ त्या कोपरांची सापडली असेल, पण ते कोपर कधी टेकले याचा उल्लेख मला मिळाला नाही. ओब्लोमॉव्ह विसावला तो आधी साडेतीनशे भूदासांच्या श्रमावर आणि नंतर एका बाईच्या. दोब्रोल्यूबॉव्हने भूदास मोजले. कोपर मोजले नाहीत. आणि आपण मध्यमवर्गीय माणसे गडीमाणसांचे दिवस गेले म्हणून हळहळतो, तेव्हा आपल्या दुपारच्या झोपेवर कुणाचे कोपर हलत असतात हे आपल्यालाही सहसा आठवत नाही.

आमचा हा संवाद चालला होता तेव्हा पलीकडच्या खोलीत अण्णा जागे होते. ते काही बोलले नाहीत. चार-पाच दिवसांनी दुपारी साडेतीनला त्यांनी मला हळूच विचारले, “चहापत्तीचा डबा कुठला रे?” त्या दिवशीचा चहा गुळचट झाला होता, आणि भांडेही थोडे करपले. आमच्या सौभाग्यवती पलंगावर बसून तो प्याल्या. आता आठवड्यातून तीन-चार दुपारी अण्णा चहा करतात, बाकीच्या दुपारी भिंतीकडे तोंड करून पडतात. आत्मचरित्राला अद्याप हात लागलेला नाही. रविवारी कन्येने विचारले, “काय लिहिता काय, मोठे काका?” तर म्हणाले, “चहात साखर कमी घालायला शिकतोय.” पूर्वीचे अण्णा परत आले असे मी म्हणणार नाही. ते येतील असेही वाटत नाही. पण हे जे आहेत ते रोज तीन जिने उतरतात.

ओब्लोमॉव्ह अखेर मरतोच. एके सकाळी अगाफ्या त्याला कॉफी द्यायला जाते तेव्हा तो उशीवरून मान किंचित सरकलेली आणि हात हृदयाशी धरलेला असा पडलेला असतो. झाखार देवळापाशी भीक मागू लागतो. लहान आंद्रेइला श्टोल्ट्स आणि ओल्गा वाढवायला घेऊन जातात. जमिनीच्या उत्पन्नातला वाटा श्टोल्ट्स अगाफ्याला देऊ करतो, आणि ती नाकारते. ते पैसे मुलासाठी ठेवा, म्हणते. भावाच्या संसारात ती पूर्वीसारखीच राबत राहते. पण गोंचारॉव्ह सांगतो की आता तिला एक गोष्ट कळलेली असते. आपण जगलो कशासाठी हे तिला उमगलेले असते, आणि आपले जगणे वाया गेले नाही हेही.

हे वाक्य मी आमच्या घरी वाचून दाखवले. सौभाग्यवती म्हणाल्या, “बरे झाले हो तिला कळले ते. पण ते त्यालाही कळायला हवे होते, तो असताना.” अण्णा तेव्हा ओट्यापाशी आधणात साखर घालत होते. त्यांनी अर्धा चमचा परत डब्यात टाकला.